झाकलेली खाण

गंगारामच्या हाताला तोड नव्हती. पूर्णगडच्या वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, सुजयशेठची चिरेखाण आहे, परवान्यापेक्षा दुप्पट खोल गेलेली. तपासणीचा ड्रोन येणार म्हटल्यावर शेठने ती झाकायला सांगितली. गंगारामने आडवे बांबू टाकले, त्यावर हिरवी जाळी बांधली, जाळीवर कापलेलं गवत पसरलं. कावळ्यालाही पत्ता लागू नये असं काम! शेठने पाठ थोपटली आणि हा खुळा दोन दिवस तेवढ्यावर फुगून होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्राकडून एक छोटं विमान आलं. इंजीन दोनदा ठसकलं नि गप्प झालं. थांबलेला पंखा खालूनही दिसत होता. विमान खाली खाली येत सड्याकडे वळलं. सगळीकडे काळा कातळ आणि दगडी गडगे, गवताचा सपाट पट्टा एकच. त्या पट्ट्याच्या टोकाला खाण.



"तकडं नको! खान हाय तकडं!" गंगाराम ओरडत खाणीकडे धावला. वर कुणाला ऐकू जाणार? खड्डा उघडा दिसला तर माणूस वाचेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो नखांनी जाळीच्या गाठी सोडू लागला. पण गाठी त्याच्याच हातच्या होत्या, एक कोपरा जेमतेम सुटला.

विमान सुरेख उतरलं, हे सांगायलाच हवं. चाकं टेकली, वेग ओसरला. आणखी पन्नास पावलं मिळती तर उभंच राहिलं असतं. तेवढ्यात बांबू मोडले आणि ते नाकावर खाणीत गेलं.

गंगाराम खाली उतरला. आत पस्तिशीची एक बाई छातीपर्यंत चेपली होती, ओढून निघेना. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"दादा, वरून सपाट दिसत होतं. माझंच चुकलं ना?"

वर काठावर सुजयशेठ येऊन उभा होता, ओठांवर बोट ठेवून. गंगारामने त्याच्याकडे पाहिलं. त्याला रडू फुटलं.

"नाय ओ ताय. तुमी बराबर उतरवलंत. खड्डा मी झाकला व्हता."

बाईने आपला हात सोडवून घेतला. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला आणि बाई त्याआधीच गेली. तोवर गंगाराम तिच्या शेजारी बसून होता. तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.