मोनालीने खोडलेली अट

नेरच्या शाळेत नववीला संगणकाचा गटप्रकल्प होता : कबड्डीच्या गुणफलकाचा प्रोग्राम. मोनालीची बोटं कीबोर्डवर भराभर चालायची. तिच्या गटातला संघदीप मात्र एका बोटाने अक्षर शोधून शोधून टाइप करायचा, आणि शेजारी बसून मोनालीचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

"दे ना इकडं. लवकर होईन."

"राहू दे. माहा भाग मलेच लिहू दे."

संगणक शिकवणाऱ्या अर्पिता मॅडमनीही तेच बजावलं होतं. पण ज्या सामन्यात हा गुणफलक वापरायचा होता, त्याच्या आदल्या दुपारी मोनाली लॅबमध्ये एकटीच होती, आणि तिला राहवेना. तिने संघदीपचा भाग उघडला. केवढा पसारा! एक अट तर तिला अगदीच उगाच वाटली : मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी पकड केली, तर एक गुण जादा. कबड्डी ती कधी खेळली नव्हती. तिने अट खोडली आणि कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारेगावच्या शाळेशी सामना रंगला. संघदीप लॅपटॉपवर एकेक चढाई नोंदवत होता. शेवटच्या चढाईत मारेगावच्या उरलेल्या दोघांनी नेरचा गडी धरला. शिट्टी झाली. पडद्यावर बरोबरी! हरलो नाही म्हणून नेरची पोरं नाचायला लागली.

संघदीप ताडकन उठला. "बरोबरी कायची? त्याईले दोन गुण भेटाले पाह्यजे!"

पंचांनीही मान हलवली. मारेगाव जिंकलं होतं.

"तुह्या प्रोग्राममंदीच खोट हाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

संघदीपचा चेहरा उतरला.  मोनाली गप्प बसली असती तर खपून गेलं असतं.

"त्यानं बरोबर लिहिलं होतं," ती मोठ्याने म्हणाली. "म्या काल खोडलं. त्याले न इचारता."

"काहून?" संघदीपने विचारलं.

"मले वाटलं, फालतू हाय."

 तो खाली बसून अट पुन्हा लिहू लागला, एकाच बोटाने. पोरं हुर्यो करत होती. मोनालीने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"कंस कुठं बंद करू?" त्याने मान वर न करता विचारलं.

तिने सांगितलं. हात लावला नाही. पडद्यावरचे आकडे बदलले आणि मारेगावच्या पोरांनी जल्लोष केला. नेरच्या पोरी मोनालीकडे रागाने बघत राहिल्या.

गर्दी पांगल्यावर संघदीप तिला कबड्डीचे नियम समजावू लागला, सावकाश, अगदी पहिल्यापासून. दुसऱ्याच वाक्याला तिने मध्ये तोंड घातलं.

"थांब नं," तो म्हणाला.

ती थांबली. पाय मात्र हलतच होता.