ताकाची रवी

“हात धुतले का व?”

“दोनदा धुतले, काका!”

“तिसऱ्यांदा धू.”

गोवर्धनकाका कॉलेजात लॅब असिस्टंट. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेला माणूस! ओट्यावर मोड आणून वाळवलेल्या जवाचं आणि ओट्सचं गाळलेलं पाणी खदखदत होतं. त्यातले मूठभर जव मीच तव्यावर कॉफीच्या रंगावर भाजले होते. ओटमील स्टाउट, म्हणजे काळी, दाट बिअर. अमरावतीत, आमच्या गल्लीत! वास आला म्हणून शेजारच्या माणिकबाईंनी विचारलंच, तर ‘काढा’ म्हणायचं ठरलं होतं.

हे सगळं ताराकाकूसाठी. अकोल्याचे उपचार संपले होते. घरी न्या, डॉक्टर म्हणाले; महिना, फार तर दीड. केमोनंतर तिला पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. एकदा म्हणाली, “बंगलोरले ते काळी बिअर पेली होती, आठवते? कडू, पण बेस कडू. तेचा एक घोट पाहिजे बा.”

इथल्या दुकानात ती मिळेना. मग काकांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, यीस्ट आणि हॉप्स नावाची कडू फुलं कुरिअरनं मागवली आणि मला असिस्टंट नेमलं. विज्ञान प्रदर्शनात पहिली आले होते ना मी! मला सगळंच येतं, असं मला वाटत होतं.

पाणी निवलं. काकांनी ते कॅनमध्ये ओतलं, यीस्ट टाकलं, तेवढ्यात आतून काकूनं हाक मारली. “उकळलेल्या चमच्यानं ढवळ,” म्हणून ते गेले. चमचा फारच छोटा होता. मी खुंटीवरची रवी घेतली आणि खसाखसा फिरवली. रवी धुतलेली होती. सकाळी त्याच रवीनं ताक घुसळलं होतं, इतकंच.

बारा दिवसांनी कॅन उघडला तर आंबट वास. काकांनी बोट बुडवून चाखलं. माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे.

“काका, मी...”

“चूप राय.”

आत जाऊन ते काकूला म्हणाले, “लाइन गेली होती दुपारी. कूलर बंद पडला, गरमीनं नासलं. पुन्हा लावतो.”

“लावा,” काकू म्हणाली. “मी कुठी जाऊन राहिली?”

दुसऱ्या खेपेला मी कशालाच हात लावला नाही. कॅन काकूच्या कॉटजवळ ठेवला. त्याच्या नळीतून वाटीतल्या पाण्यात गुडगुड चालायची. “बोलून राहिलं पाय,” ती म्हणायची.

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. “काकू, लाइन नव्हती गेली. मी त्यात...”

“मले मालूम हाय.” तिनं डोळे न उघडताच वर बोट केलं. “लाइन गेली असती तं माहा पंखा नसता का थांबला? त्यायले सांगू नको मले माहीत हाय म्हणून.”

नवव्या दिवशी सकाळी ती गेली. नळी चालूच होती.

तेरवीला पंगतीसाठी ताक हवं होतं. आईनं दह्याचं भांडं पुढ्यात ठेवलं आणि रवी माझ्या हातात दिली. मी ती तशीच धरून बसले. काका आले. त्यांनी रवी घेतली, पातेल्यात पाणी ठेवलं, ती त्यात बुडवली आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं उकळली.

मग पाट घेऊन ताक घुसळायला बसले.