दहा नावांचा फलक

मी एक लाकडी फलक आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कॉलेजच्या स्टेडियममध्ये, खेळाडूंच्या खोलीबाहेर टांगलेला. इथला फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. चेंडू पोटाशी धरायचा आणि पळत सुटायचं. कॉलेजच्या इतिहासात चेंडू घेऊन सगळ्यांत जास्त यार्ड पळालेल्या दहा जणांची नावं माझ्यावर आहेत. नवा आला की दहाव्याची पितळी पट्टी उतरते. साठ वर्षं हेच चाललंय. खरं सांगू, कंटाळा आलाय.

माझी देखभाल देवानंदकडे आहे. मूळचा नागपूरचा, राहतो मॉरिसव्हिलला, क्रीडा विभागाची आकडेवारी सांभाळतो. गेल्या हिवाळ्यात एक नवा पोरगा थेट चौथ्या जागी आला आणि दहावा वॉल्टर अकरावा झाला. वॉल्टर आता एकोणऐंशी वर्षांचा आहे. दर मोसमाच्या पहिल्या सामन्याला येतो आणि माझ्यासमोर टोपी काढून उभा राहतो.

देवानंदला हे बघवेना, म्हणून वॉल्टरची पट्टी उतरवणं तो लांबवत राहिला. ‘‘आजची मुलं चार वर्षं खेळतात, वर्षाला तेरा-चौदा मॅचेस. वॉल्टर तीनच वर्षं खेळला, दहा-दहा मॅचेस. यांना कंपेअर कसं करायचं यार?’’ असं तो मुलीला, सोनलला, म्हणाला. ती याच कॉलेजात शिकते.

मग त्याच्या लक्षात आलं, की मोसम संपल्यावरचा खास सामना पूर्वी बेरजेत धरत नसत, आता धरतात. तशा एका सामन्यात वॉल्टर ब्याण्णव यार्ड पळाला होता. ते मिळवले की दहावी जागा पुन्हा त्याची. विभागाच्या साहेबांनी होकार दिला, पण हाच नियम सगळ्या जुन्या खेळाडूंना लावायचा, असं बजावलं.

देवानंदने आठवडाभर जुने कागद उपसले आणि त्यातून निघाला क्लॅरेन्स. वॉल्टरच्या आधीचा, तसे दोन सामने खेळलेला. त्याची बेरीज वॉल्टरपेक्षा पंधरा यार्डांनी जास्त भरली. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो बाहेरच राहिला.

‘‘बाबा, जस्ट लीव्ह इट. क्लॅरेन्सला कोण ओळखतं?’’

‘‘कोणीच नाही, बेटा. पण आता मला माहीत झालंय ना.’’

त्याने वॉल्टरला बोलावलं आणि सगळे कागद पुढे ठेवले. वॉल्टरने ते वाचले आणि क्लॅरेन्सच्या नावावर बोट ठेवलं.

‘‘चेंडू कसा धरायचा, ते मला यानेच शिकवलं,’’ तो म्हणाला. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि आपली पट्टी आपल्या हाताने काढली. मला फार वाईट वाटलं. आजवर कितीतरी पट्ट्या उतरल्या, पण ज्याचं नाव तोच उतरवायला आला, असं कधी झालं नव्हतं.

आता दहाव्या ओळीत क्लॅरेन्स आहे. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. देवानंदने जुन्या पत्त्यावर पत्रं पाठवली, पण उत्तर नाही. उन्हाळ्यात मला काढून इथे स्क्रीन लावणार आहेत म्हणे. माझी हरकत नाही, मी थकलोय. पण क्लॅरेन्सच्या घरचं कोणी तुमच्या ओळखीचं निघालं तर तेवढं सांगा, नाव लागलंय. मी आहे तोवर एकदा येऊन बघून जा म्हणावं.