विण्याचा पहारा

२००६ सालची गोष्ट. टोकावड्याच्या देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस होता आणि दुपारी दोन ते चार विण्याचा पहारा भगीरथकडे. एकदा वीणा गळ्यात आली, की पुढचा विणेकरी येऊन ती काढून घेईपर्यंत खाली टेकवायची नाही, दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही, ही सप्ताहाची रीत. चार वाजून गेले तरी पुढच्या पहाऱ्याचा कोंडू काही आला नव्हता. मुरबाडची एसटी चुकली असणार.

भगीरथच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. तसा तो गेली सहा वर्षं दमलेलाच होता. मुरबाडला दुकान टाकलं आणि तो अख्ख्या तालुक्याचा कम्प्युटरवाला झाला. शाळेचा प्रिंटर, दवाखान्याचं सॉफ्टवेअर, पतपेढीच्या वायरी. सगळं थोडं थोडं यायचं, आणि कुठलंच कधी संपायचं नाही.

कल्याणच्या एका कंपनीतल्या साहेबांनी नोकरीसाठी विचारलं होतं, "फक्त डेटाबेस. बाकी कशाला हात लावायचा नाही. जमेल?" आज पाचला ते उत्तरासाठी फोन करणार होते.

पण असं एकच काम धरायची हौस त्याने एकदा केली होती. अठ्ठ्याण्णव साली तो कोबोल ही कम्प्युटरची जुनी भाषा शिकला. दोन हजार साल लागताच जुने कम्प्युटर तारखा चुकवतील, या धास्तीने कोबोलवाल्यांना तेव्हा भाव होता. ते साल सुखरूप उजाडलं आणि त्याचंच काम गेलं. तेव्हा तेविशी होती, पचलं. आता पदरात दोन लेकरं. तेव्हा घाई झाली होती. आता उशीर झाला की काय, हेच त्याला उमगत नव्हतं.

"भगीरथा, भोंगा बंद पडला रे!" रंभाकाकू धावत आली. "संध्याकाळी कीर्तन कसं ऐकायचं आमी?"

"काकू, वीणा हाय गळ्यात. वायरिंगवाल्या नवशाला सांग."

"त्या नवशाला? तो देवळाला आग लावील!"

नवशाने आग लावली नाही. भोंगा आधी किंचाळला, मग नीट बोलू लागला.

मागोमाग ग्रामसेवक भाऊसाहेब आले. पंचायतीचा कम्प्युटर अडला होता. पण वीणा पाहताच हात जोडून ते मुकाट पायरीवर बसले. सहा वर्षांत त्याच्यासाठी कुणी असं थांबलं नव्हतं. 'रामकृष्णहरी' म्हणत भगीरथ येरझाऱ्या घालत राहिला. पाय दुखत होते, पण डोकं कितीतरी दिवसांनी एका जागी होतं.

पाचला त्याची बायको रुपा मोबाईल घेऊन आली. फोनवर हात दाबून म्हणाली, "साहेब हायत. काय सांगू?"

"हे पण कोबोलसारखं गेलं तर गो?"

"गेलं तर तवा दुसरं धरा. आता जेवताना चार वेळा फोनला उठता, ते मला नाय बघवत."

तो खांबापर्यंत जाऊन परत आला. "हो सांग."

"साहेब, हो म्हणतात," रुपा फोनवर म्हणाली. "नाय, बोलता नाय यायचं. देवापुढे उभे हायत."

साडेपाचला कोंडू घामाघूम होऊन आला. "जीप भरल्याबिगर हलेना रे!" त्याने वीणा उतरवून घेतली.

भाऊसाहेब उठले. "झालास ना मोकळा? चल, दहा मिनिटांचं काम."

"आजचं करतो, भाऊसाहेब. पण महिनाअखेरीपासून दुसरा कुणी बघा."

"का रे बाबा? तुझ्यासारखा कुठून आणू?"

भगीरथला त्यांच्याकडे बघवेना. तो पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावू लागला. वीणा धरून आखडलेली बोटं वळत नव्हती.