इनुसमामांचा रुपया

"अवं, कवाधरनं हाका मारतीय! च्या गार झाला की."

बायकोनं, सुलतानबीनं, खांद्याला हात लावला, तेव्हा कुठं इनुसमामांनी मान वर केली.

"कामात हुतो," ते म्हणाले.

गेली दोन वर्षं त्यांचं हे ठरलेलं उत्तर होतं. काम काही नव्हतं. यवतच्या पेठेतल्या आपल्या सायकलच्या दुकानात ते नुसते स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत होते. सुलतानबी कप ठेवून मागच्या घरात निघून गेली.

एके काळी या दुकानात बसायला जागा नसायची. जुनी सायकल घ्यायची म्हटली की माणूस आधी ती मामांकडे आणायचा. मामा खिशातून जुना जाड रुपया काढत, कान खाली नेत आणि सांध्यासांध्यावर वाजवत जात; आत चीर असली की आवाज बसका येई. मग सांगत, "घे बिनघोर," नाहीतर, "सोड नाद." सौदा ठरताना लोक विचारायचे, "मामांनी वाजवली का?" चाळीस वर्षांत तो रुपया कधी खोटा ठरला नव्हता.

ठरला तो गेल्या दिवाळीत. गेणबा दूधवाल्याच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा मामांनी वाजवला आणि पक्का म्हणून सांगितलं. आठव्या दिवशी भांडगावजवळ तो मोडला. गेणबाचे दोन दात गेले. बिचारा अजून खड्ड्यालाच शिव्या घालतो. पण तुटका चिमटा मामांनी हातात घेतला, तर चिरेत जुना गंज होता. चीर आधीचीच होती, मामांना ती ऐकू आली नव्हती. त्यांनी तो तुकडा खणात टाकला आणि घरात बायकोलाही सांगितलं नाही.

चहा संपतोय तोच दारात टेंपो थांबला. दोन लांबट खोकी घेऊन रश्मी उतरली.

"जय भीम, मामा!" ती मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज मुळातच खणखणीत, म्हणून मामांना ती आवडायची. भांडगावची ही पोरगी आठवीत असताना तिची पहिली सायकल मामांनीच जोडून दिली होती. आता ती कुरकुंभला कंपनीत पाळ्या करायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या सायकलशर्यतींना जायची.

खोक्यांतून सायकलच्या दोन काळ्या फ्रेमा निघाल्या. अगदी सारख्या.

"कार्बनच्या हायेत. नाव न्हाई, गाव न्हाई. नावाची घ्यायची आपली ऐपत न्हाई, मामा. दोन मागिवल्यात, एक ठिवायची. दुसरी ह्याच टेंपोनं परत पुण्याला. कंची ठिवू?"

"मला लोखंड कळतं, पोरी. ह्ये कशाचं म्हनायचं?"

"कापड आन् डिंक समजा. आतून थर सुटला तर वरनं दिसत न्हाई. मोबाईलवर सांगत्यात, नाणं वाजवून बघा. मला हसूच आलं. म्हणलं, आमच्या यवतला चाळीस वर्सं हाय की असला माणूस! रविवारी भुलेश्वरच्या उतारावर शर्यत हाय. मोडली तर थेट दरीत."

मामांनी फ्रेम उचलली. रिकामी पाटी उचलावी इतकी हलकी. त्यांनी रुपया काढला, कान टेकवला आणि वरून खालपर्यंत वाजवत गेले. मग दुसरी. दोन्हींतून कापूस कोंबल्यासारखा तोच आवाज. त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं. रश्मी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, अगदी निर्धास्त. त्या निर्धास्तपणाचीच मामांना भीती वाटली. दोनांतली एक सांगायची होती. 'ही घे' म्हटलं असतं तर पोरगी मान डोलावून गेली असती, आणि पेठेत मामांचा शब्दही राहिला असता.

त्यांनी खण उघडला आणि गंजका तुकडा तिच्यापुढं ठेवला.

"गेणबाचा चिमटा. खड्डाबिड्डा काय नव्हता. मला ऐकू आलं न्हाई. आता बी येत न्हाई."

रश्मीनं तुकडा उचलून चिरेवर बोट फिरवलं. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत असावा, कारण तिनं वळून त्याला हात केला.

"मग कसं करायचं, मामा?"

"ह्यो रुपया घे. तू वाजीव. मनगाट ढिलं सोड. बोटभर जागा सोडून फुडं जायाचं. दम धर. आवाज कुठं बसला की थांब."

पहिली फ्रेम पार झाली. दुसरीवर, पायडलच्या जागेच्या जरा वर, तिचा हात थांबला. तिनं तिथंच तीनदा वाजवलं.

"हितं, मामा. वल्या भितीवर मारल्यावानी येतंय."

मामांनी तिथं अंगठा फिरवला. गुळगुळीत, ओरखडासुद्धा नव्हता. पण तिचा चेहरा सांगत होता. त्यांनी खडूनं गोल काढला.

"ही परत जाऊ दे."

निघताना तिनं रुपया पुढं केला. मामांनी तिची मूठ मिटवली.

"ठिव. माझ्याजवळ आता त्यो नुसता रुपया हाय."

टेंपो गेला. मामा स्टुलावर बसून राहिले, किती वेळ ते त्यांना कळलं नाही. खांद्यावर हात पडला.

"कवाधरनं हाका मारतीय!"

सवयीनं 'कामात' एवढं ओठांवर आलं. मामांनी ते गिळलं.

"ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले.

सुलतानबी पाना-पकडीचं खोकं ओढून त्यांच्या समोर, तोंड दिसेल अशी बसली आणि सावकाश म्हणाली, "जेवाय चला."