उघडी राहिलेली ओळ

“मॅडम, ही ओळ झाकायला हवी.”

दुसऱ्या वाचकाने पान टेबलावर ठेवले आणि पेन्सिलीने ओळीच्या कडेला हलकीशी रेघ मारली. पोरगा नेमस्त होता. पेन्सिलीची रेघसुद्धा पट्टी लावून मारणारा.

गुप्तचर खात्याच्या या शाखेत जुनी फाइल लोकांसाठी उघडायची, तर ती आधी दोघांनी वाचायची असा नियम होता. काय झाकायचे ते पहिल्याने ठरवायचे, काही नजरेतून सुटले का ते दुसऱ्याने बघायचे. पहिली वाचक ती. याच खात्यात उभी हयात काढून निवृत्त झालेली आणि मग वर्षावर्षाच्या कंत्राटावर परत बोलावलेली. नावे, पत्ते, ओळखीच्या खुणा यांवर दिवसभर काळ्या पट्ट्या चिकटवत बसायची, म्हणून शाखेत तिला सगळे काजळबाई म्हणत. अर्थात तिच्या माघारी. तिला ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

“का झाकायची?” तिने विचारले.

“अर्ज वाचलात ना तुम्ही?”

वाचला होता. एकदा नाही, चांगला चार वेळा. अर्ज एका न्हाव्याच्या मुलीचा होता. मुलगी म्हणायची, पण आता तीही साठीच्या पुढची. तिच्या बापाच्या दुकानावरच्या खोलीत बंदी घातलेल्या कामगार संघटनेची माणसे जमत. एके संध्याकाळी धाड पडली. खोलीतले सगळे पकडले गेले, त्यातले दोघे परत आलेच नाहीत. खोलीची किल्ली न्हाव्याकडे असायची आणि नेमका तोच त्या दिवशी तापाने घरी पडून होता. झाले! अख्ख्या वस्तीने ठरवून टाकले की फितूर तोच. पुढे त्याच्या वस्तऱ्याखाली कुणी मान दिली नाही. रोज सकाळी तो दुकान उघडून खुर्ची पुसायचा आणि संध्याकाळी तसेच बंद करायचा. असाच एक दिवस मेला. खांदा द्यायला माणसे मिळेनात.

अर्जाच्या शेवटी मुलीने लिहिले होते, “बाबा तुमचा माणूस होता की नव्हता, एवढंच सांगा. असला तरी चालेल. काही न कळण्यापेक्षा ते बरं.” सोबत एक फोटो जोडला होता. दुकानाच्या दारात उभा हसरा माणूस, काखेत कुबडी, आणि एका पायात जाड तळाचा बूट.

खात्याचे उत्तर छापील असे: याबाबत हो किंवा नाही असे सांगता येत नाही. यात दुष्टावा नव्हता. ‘नव्हता’ म्हणून एकाला सांगितले, की ज्याच्याबद्दल आपण गप्प बसू तो ‘होता’ हे शेंबड्या पोरालाही कळेल. काजळबाईच्या ते इतके अंगवळणी पडले होते, की तिचा नवरा होता तेव्हा पाहुण्यांसमोर म्हणायचा, “हिला चहा झाला का विचारा, तरी सांगता येत नाही म्हणेल.” पाहुणे हसायचे. तीही हसायची. चहा मात्र वेळेवर यायचा.

आणि ती ओळ अशी होती: “आमचा तिथला एकमेव माणूस मागची भिंत चढला, गल्लीत उडी टाकून धावत आमच्या गाडीपाशी आला आणि सगळे जमल्याचे सांगून तसाच परत खोलीत गेला.”

त्या माणसाचे नाव वरच्याच ओळीत होते. ते तिने कधीच झाकले होते. तो अजून जिवंत होता, नातवंडांत रमलेला होता, आणि त्याला उघडे पाडणे तिच्या स्वप्नातही आले नसते.

“न्हावी कुबडीवर चालायचा,” दुसरा वाचक म्हणाला. “ही ओळ उघडी ठेवली की आपण सरळसरळ सांगितलं, तो नव्हता. आणि आपण तसं सांगत नाही.”

“या ओळीवरून खरा माणूस ओळखू येतो?”

“नाही. भिंतीवरून काय, कुणीही उडी मारेल.”

“मग? कागद अर्जदाराचं तोंड बघून उघडायचा नाही, हे पहिल्या दिवशी मीच शिकवलं ना तुला? तोंड बघून झाकायचाही नाही.”

तो हळूच म्हणाला, “पण मॅडम, तुम्ही तोंड बघूनच उघडताय.”

पोरगा खरे बोलत होता. काजळबाईला वाईट वाटले, रागही आला, आणि जास्त राग स्वतःचाच आला. एवढी वर्षे तिने कुणाची लेक, कुणाची बायको असा विचार कामात येऊ दिला नव्हता.

दोघांचे एकमत होईना तेव्हा पान शाखाप्रमुखांकडे गेले. साहेबांनी ओळ वाचली, अर्ज वाचला, फोटो बराच वेळ हातात धरला.

“हा अर्ज आला नसता, तर ही ओळ तुम्ही झाकली असती?”

“नाही, साहेब.”

“आणि आता उघडी का ठेवताय?”

काजळबाईने अर्जाकडे पाहिले. मग म्हणाली, “तिच्यासाठी.”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “हे मी ऐकलं नाही,” म्हणत त्यांनी पानावर सही केली. ती उठून दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, “कंत्राटाचं मात्र पुढच्या वर्षी धरून चालू नका, बाई.”

“नाही धरत,” ती म्हणाली.

ज्या दिवशी न्हाव्याची मुलगी फाइल बघायला आली, त्या दिवशी काजळबाईला वाचनालयाकडे फिरकायचे कारण नव्हते. कागद झाकणाऱ्याने अर्जदाराला भेटायचे नाही, हाही नियमच. पण पाण्याचे यंत्र नेमके वाचनालयाच्या दाराबाहेर होते आणि तिला तहान लागली होती. निदान तिने स्वतःला तसे सांगितले.

दार उघडे होते. आत पांढऱ्या केसांची एक बाई पान उलटत होती. काळे पान, त्यामागे आणखी काळे पान. बोट ओळीओळीवरून सरकत होते. त्या ओळीवर आले आणि तसेच पुढे निघून गेले. काजळबाईला वाटले, आत जाऊन सांगावे, बाई, मागे वळा. पण ती उंबऱ्याबाहेरच राहिली.

बाईने पान उलटायला धरले आणि तशीच थांबली. बोट मागे आले. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग पहाऱ्यावरच्या कारकुनाला म्हणाली, “या एका पानाची प्रत मिळेल का हो? बाकीची नकोत.”

थोड्या वेळाने ती बाहेर आली. हातात प्रत होती, घडी न घातलेली. काजळबाईने न विचारताच पेला भरून पुढे केला.

“बाबांना दुकानाची पायरी चढायलासुद्धा हात द्यावा लागायचा,” बाई म्हणाली. अनोळखी माणसाला सांगतो तसे, कुणाला तरी सांगायलाच हवे म्हणून. “मीच द्यायची. धाकट्या भावाला बाबांची लाज वाटायची, आडनाव बदललं त्यानं. आज त्याला हे दाखवते.” मग तिने काजळबाईकडे नीट पाहिले. “तुम्ही इथंच असता ना? बाबा नव्हते, असाच अर्थ होतो ना याचा?”

हो. एवढा एक शब्द. तो काजळबाईच्या जिभेवर आला. पण वरच्या ओळीतल्या पट्टीखाली एक म्हातारा माणूस होता, आणि तोही तिच्याच भरवशावर होता.

“पाणी घ्या,” ती म्हणाली.

बाईने पेला घेतला नाही. ती काजळबाईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. तिने मान डोलावली, कळल्यासारखी, दोनदा. मग पाणी प्यायली, रिकामा पेला परत दिला आणि पान छातीशी सपाट धरून जिना उतरू लागली. दुसरा हात तिने अंगापासून जरासा लांब, कोपरात वाकवून धरला होता. कुणीतरी त्यावर भार टाकून शेजारून उतरत असावे तसा.