केबलचा प्रसाद

रविवारी दुपारी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती आणि मुलगी खाटेवर पालथी पडून वाचत होती. पायजमा थोडा वर सरकला आणि आईला तिच्या पोटऱ्या दिसल्या. लाल, निळे, एकावर एक उठलेले वळ. आईच्या हातातली चादर तशीच राहिली.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीतल्या संशोधनासाठी मोठ्या विद्यापीठाने तिला निवडलं, तेव्हा तिच्या सुतार बापाने ती बातमी गल्लीभर केली होती. इमारतीत जागोजागी ठेवलेली छोटी यंत्रं एकमेकांना बिनतारी संदेश पाठवत. त्यातले किती वाटेत हरवले, ते विद्यार्थ्यांनी दर शनिवारी सांगायचं. सांगून झालं की जितके जास्त हरवले तितके जास्त फटके तिथला पीएच.डी. करणारा सिनियर, ज्याला सगळे दादा म्हणत, नेटवर्कची केबल दुहेरी करून पोटऱ्यांवर ओढायचा. या माराला प्रसाद म्हणत. दादानेही आपल्या सिनियरकडून तो खाल्ला होता. प्राध्यापकांना सगळं ठाऊक होतं. नेमके त्याच वेळी ते चहाला जात. अशी ही विद्वानांची रीत!

बापाने वळ पाहिले आणि कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. गणित चुकलं की लाकडी पट्टीने त्याने तिला दहावीपर्यंत झोडपलं होतं, आणि ती एवढी शिकली ती त्या पट्टीमुळेच, असं तो चारचौघांत अभिमानाने सांगे.

"कानफटात खाल्ल्याशिवाय मलाही रंधा धरता आला नव्हता," तो म्हणाला. "सोस जरा. नाव निघेल."

मुलीने सोसलं. तिला सवय होती.

तिच्या कामातल्या जोडीदाराला सगळे चष्मिस म्हणत. त्याचं यंत्र लिफ्टजवळ होतं आणि लिफ्टचं लोखंडी दार लागलं की संदेश अडत. यंत्र हलवू या, असं मुलीने दोनदा सुचवलं. कारणं सांगू नकोस, म्हणून दादाने तिला उडवून लावलं. शेवटी माराच्या भीतीने चष्मिसने आकडेच बदलले. भीतीने शिकवलेली विद्या ही!

शनिवारी ते उघडकीला आलं. दादाने दाराला आतून कडी घातली. पहिल्या फटक्याला चष्मिस ओरडला, चौथ्याला कोसळला. टेबलाच्या कडेवर त्याची हनुवटी फुटली आणि कीबोर्डवर रक्त सांडलं. तरी दादा थांबेना. हात दुखायला लागला तेव्हा त्याने केबल मुलीपुढे धरली.

"आता तू मार. याच्यामुळे तुझंही काम वाया गेलंय."

"मी नाही मारणार, दादा."

केबल सपकन तिच्या तोंडावर बसली. मग त्याने तिचे केस धरले आणि डोकं लोखंडी रॅकवर आपटलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. तिच्या कानातून रक्त आलं तेव्हा कुठे तो भानावर आला.

त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाहेर प्राध्यापक बापाला समजावत होते, की तक्रार झाली तर मुलीचंच भवितव्य धोक्यात येईल. बापाने त्यांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आदळलं आणि तो तसाच आत आला.

"लिहून दे त्या हरामखोराचं नाव," तो म्हणाला. "हात तोडतो त्याचे."

खाटेशेजारी पोलीस बाई जबाब घ्यायला बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या पाठीवरचे जुने व्रण पाहिले होते. हे कुणी केले, असं त्यांनी हलकेच विचारलं.

"नावं दोन लिहा," मुलगी म्हणाली. "पहिल्या शनिवारी मी पोटऱ्या पुढे केल्या आणि गप्प राहिले. ते मला दादाने नव्हतं शिकवलं, बाबा. ते तुम्ही शिकवलंत."

एवढ्या वर्षांत घरात कुणी बापाला असं बोललं नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती आपली बाजू घेईल असं त्याला वाटलं असावं.

"तीन लिहा," आई म्हणाली. "हे मारायला लागले की शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून दार मी लावायचे."

वाचकहो, पोलीस बाईंनी तिन्ही नावं लिहिली. तुमच्या घरचा जबाब कुणी घ्यायला बसलं, तर तुमचं नाव कितवं असेल?